धक्का कुणाच्या खांद्याला?

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून बार काढण्याची कला आपल्या सार्वजनिक जीवनात चांगलीच रुजली आहे. पण या वाक्प्रचारात एक गफलत आहे. दुसऱ्याच्या खांद्यावर टेकते ती बंदुकीची नळी. दस्ता मात्र स्वतःच्याच खांद्याला लावावा लागतो. बार उडाला की पुढच्याच्या कानठळ्या बसतात हे खरे. परंतु मागचा धक्का बसतो तो चाप ओढणाऱ्यालाच.

ही गोष्ट मला इतिहासाच्या ग्रंथांत सापडली नाही, बमरोलीत सापडली. सुरतेच्या दक्षिणेला, उधना-पांडेसऱ्याच्या अंगाला असलेले हे एकेकाळचे गाव. आता ते महापालिकेच्या हद्दीत आहे आणि यंत्रमागांच्या खडखडाटात बुडालेले आहे. इथे मागांच्या शेडला 'खातं' म्हणतात. खात्याखात्यांतून ओडिया, भोजपुरी आणि आमची अहिराणी कानावर पडते. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून भुसावळ-सुरत लोहमार्गाने आलेल्या माणसांनी इथल्या गल्ल्या भरल्या आहेत. मी त्यांच्या मुलांना मराठी शाळेत इतिहास शिकवला. आमच्या गल्लीत एक आप्पा आहेत, मूळचे धुळे जिल्ह्यातले. माग चालवून झाल्यावर उतारवयात त्यांनी पहारेकऱ्याची नोकरी धरली. बारा बोअरची दुनळी, परवान्याची, जुनी घेतलेली. तिच्या दस्त्याला सायकलची ट्यूब आणि तिच्याखाली टॉवेलची घडी बांधलेली पाहून मी एकदा चेष्टा केली, "काय आप्पा, बंदुकीला सर्दी झाली का?"

आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, ही बंदूक माझ्या मापाची नाही. आधीचा मालक सहा फुटी होता. वर्षातून चार-पाच गोळ्या सरावाला मिळतात, पण दरवेळी खांदा आठ दिवस निळा."

त्यानंतर मी जुनी पुस्तके पुन्हा काढली, आणि प्रत्येक लढाईच्या वर्णनात एकच प्रश्न विचारू लागलो: हा माणूस बंदूक टेकवत होता कुठे?

उत्तरे मजेदार निघतात. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. त्यांच्या आणि इथल्या कारागिरांच्या हातून गोवा-मलबार किनाऱ्यावर ज्या तोड्याच्या बंदुका घडल्या, त्यांतल्या पुष्कळ बंदुकांचा दस्ता अगदी आखूड आणि वाकडा असे. तो खांद्याला पोचतच नसे, गालाशी धरायचा. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले तेव्हा त्यांच्याबरोबर बंदूक गेली, आणि जपानी लोकांनी पुढे तीनशे वर्षे तोच आखूड, गालाचा दस्ता जसाच्या तसा चालवला. अशा बंदुकीचा धक्का जाड नळीच्या वजनात आणि दोन्ही हातांत जिरवावा लागे. युरोपात काही बंदुका छातीला लावत. उत्तर हिंदुस्थानात आणि दख्खनेत जी तोडेदार बंदूक सर्वत्र पसरली तिचा दस्ता मात्र निराळा: लांब, निमुळता, काठीसारखा सरळ. संग्रहालयाच्या काचेमागे ती पाहताना वाटते की हिचा दस्ता सुताराने अर्धवटच सोडला. तसे नाही. त्या सरळपणात एक शहाणपण होते, त्याकडे पुढे येतोच.

सुरतेत राहून बंदुकीचा इतिहास लिहायचा आणि १६६४ साल टाळायचे, हे जमणारे नाही. (इथले गुजराती शेजारी अजून कधीमधी मिस्कीलपणे विचारतात, "मास्तर, तुमचे शिवाजी महाराज परत कधी येणार?") त्या वर्षीच्या जानेवारीत महाराज गणदेवीच्या बाजूने, म्हणजे दक्षिणेकडूनच सुरतेवर आले. आमची बमरोली शहराच्या त्याच अंगाला. ६ जानेवारीला त्यांचा तळ बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत पडला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. इंग्रजांच्या कागदांत एक तपशील आहे. महाराजांनी बंदूकधाऱ्यांची एक तुकडी किल्ल्यावर गोळीबार करीत ठेवली. किल्ला घ्यायचा हेतू नव्हताच. आतल्यांनी डोके वर काढू नये एवढेच काम. इकडे बंदुका वाजत राहिल्या आणि तिकडे शहरातली संपत्ती गोळा होत राहिली. इंग्रज वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन यानेही सुमारे दोनशे माणसे घेऊन ढोल वाजवीत शहरातून फेरी काढली.

त्या तुकडीतल्या माणसांची नावे कुठेही नाहीत. पण चार दिवस तोड्याच्या बंदुकीने बार काढणे म्हणजे काय, याचा अंदाज आप्पांच्या निळ्या खांद्यावरून करता येतो. त्याच सुमारास तिकडे केंब्रिजला न्यूटन नावाचा एक विद्यार्थी शिकत होता. प्रत्येक क्रियेला तितकीच आणि उलट प्रतिक्रिया असते, हे त्याने छापले १६८७ मध्ये. सुरतेच्या किल्ल्यासमोर बसलेल्या मावळ्याला ते तेवीस वर्षे आधीच ठाऊक होते.

बंदुकीचे खरे मानकरी म्हणजे हेटकरी, दक्षिण कोकणातले. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात स्पष्ट भेद केला आहे: मावळा हातघाईच्या लढाईत पुढे, हेटकरी नेमबाजीत. चकमकीची बंदूकही हेटकऱ्यांच्या हाती फार लवकर आली, असे तो म्हणतो. किनाऱ्यावर पोर्तुगीज शेजारी असल्यावर नवल ते काय?

बंदूक जसजशी मोठी होत गेली तसतसा माणसाचा खांदा अपुरा पडू लागला. तटावरच्या जेजाला खांद्याला लावायच्या नसतच; त्या टेकूवर ठेवायच्या, धक्का दगडाने सोसायचा. जंबुरा तर उंटाच्या पाठीवर. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर अब्दालीच्या उंटांवरच्या जंबुऱ्यांनी आपल्या सैन्याचे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. उंट बसवायचा, खोगिरावरच्या खुंट्यावर नळी फिरवायची आणि बार काढायचा. धक्का उंटाला. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे याचा इतका शब्दशः नमुना दुसरा मिळणार नाही.

पुढे कवायती पलटणी आल्या. महादजी शिंद्यांसाठी डी बॉयनने कंपू उभे केले, आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाने तोफा-बंदुका घडवल्या. कवायत म्हणजे एकसारखेपणा: एक पाऊल, एक हुकूम, एक माप. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या पलटणींसाठी जी बंदूक ठरवली तिला 'इंडिया पॅटर्न' म्हणत. नळी ४२ इंचांऐवजी ३९ इंच. ती इतकी सोयीची आणि स्वस्त ठरली की १७९७ मध्ये, फ्रान्सशी युद्ध जुंपलेले असताना, खुद्द ब्रिटिश लष्कराने ती उचलली. सुमारे तीन-चतुर्थांश इंच व्यासाची नळी आणि तीस ग्रॅमच्या वर वजनाची शिशाची गोळी. सातारी असो, पुरभय्या असो की आयरिश, दस्ता सर्वांना एकच. ज्याला आखूड पडे तो नाकावर अंगठा आपटून घेई, ज्याला लांब पडे त्याची खांद्याची खोबण चुकून दंडाला मार बसे.

शिपायाच्या अंगाला माप असते, ही गोष्ट लष्कराच्या ध्यानात यायला आणखी शंभर वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ली-एनफील्ड रायफलचा दस्ता सुटा होता आणि तो चार लांबींत मिळे. नेहमीचा, अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि एक इंच आखूड. लाकडावर त्याचे अक्षर ठोकलेले असे. तिचा धक्काही सौम्य नव्हता. दस्त्याच्या टोकाला रबर नव्हे, पितळेची पट्टी होती! पण अर्ध्या इंचाचा का होईना, माणसाचा विचार झाला. दस्त्याचा आणखी एक उपयोग मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नायक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात करून दाखवला. गोळ्या भरायला वेळ उरला नाही तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने शत्रूचे दोघे जण लोळवले. त्यानंतर लगेच ते शत्रूच्या गोळीने पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मापाची बंदूक त्याआधीही होती, पण ती संस्थानिकांना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या कारागिरांनी मापाची बंदूक काढली होती. तिचा दस्ता बिजागऱ्या आणि स्क्रूंनी सर्व बाजूंनी हलायचा. गिऱ्हाइकाच्या खांद्याला ती लावून माप घ्यायचे आणि त्या मापाचा अक्रोडाचा दस्ता कोरायचा, शिंप्याकडे कोट शिवतात तसा. आपल्या राजेरजवाड्यांनी अशा बंदुका मागवल्या. बिकानेरच्या गजनेर तलावावर पाखुर्ड्यांच्या शिकारीला व्हाइसरॉय येत. त्याच घराण्यातले महाराजा करणीसिंग पुढे ट्रॅप नेमबाजीत उतरले, १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले आणि १९६० ते १९८० या काळात पाच ऑलिंपिक खेळले.

ट्रॅप म्हणजे सापळा. पूर्वी पेटीतून जिवंत कबूतर सोडत आणि ते उडताच टिपत. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही हा क्रूर प्रकार झाला. १८८० साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या लिगॉव्स्कीने मातीच्या चकतीचे पेटंट घेतले होते, त्यामुळे हळूहळू कबुतरांची सुटका झाली. आज ती चकती ११ सेंटीमीटर व्यासाची असते. नेमबाजासमोर १५ मीटरवर खंदक असतो, त्यातून ती कोणत्या कोनात सुटेल हे आधी कळत नाही. पात्रता फेरीत अशा १२५ चकत्या, प्रत्येकीवर दोन बार काढायची मुभा.

हिशेब करू. काडतुसात २४ ग्रॅम छर्रे, वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर. बंदूक साडेतीन-पावणेचार किलोची. छर्रे पुढे जातात तेव्हा बंदूक सेकंदाला तीन मीटरहून अधिक वेगाने मागे येते. एकदा आली तर ठीक. दिवसातून शंभर-दीडशे वेळा आली की खांदा, मान, गाल सगळे तक्रार करतात. आणि त्याहून वाईट गोष्ट मनात घडते. चाप ओढण्याआधीच शरीर धक्क्याला घाबरते, डोळा मिटतो, हात चमकतो. कसलेले नेमबाज त्यापायी खेळ सोडून बसले आहेत.

आता त्या सरळ दस्त्याकडे वळू. दस्ता जितका खाली वाकलेला, तितकी धक्क्यासरशी नळी वर उसळते आणि लाकूड गालफडावर आदळते. सरळ दस्त्यात धक्का सरळ मागे जातो. ट्रॅपच्या आधुनिक बंदुकीची गाल टेकायची कड नळीला जवळजवळ समांतर असते. आमच्या तोडेदाराचा काठीसारखा दस्ता इतका अडाणी नव्हता तर!

मापात बसवता येणारा, धक्का गिळणारा दस्ता म्हणजे त्या इंग्रजी मापाच्या बंदुकीचेच पुढचे रूप. फरक इतकाच की माप घेऊन झाल्यावर हा बाजूला ठेवायचा नाही, हाच वापरायचा. तो बसवणे हे कारागिराचे काम आहे. प्रथम बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहायचे. मग मागचे रबर काढायचे. आत खोल भोकात दस्त्याचा मुख्य बोल्ट असतो, तो लांब पेचकसाने सोडवून दस्ता वेगळा करायचा. (ज्या आपोआप भरणाऱ्या बंदुकांच्या दस्त्यात स्प्रिंगची नळी असते, तिथे लाकूड कापण्याआधी दहादा विचार करावा.) मग दस्ता मागून कापून त्यात सिलिंडर बसवतात, स्प्रिंगचा किंवा तेल-हवेचा. बार उडाला की बंदूक पुढच्या भागासह मागे सरकते, खांद्याला लागलेला भाग जागीच राहतो. धक्का नाहीसा होत नाही. न्यूटनला कोण फसवणार? तो फक्त जास्त वेळात वाटला जातो. क्रिकेटपटू झेल घेताना हात मागे नेतो, तसेच.

लाकूड नेमके किती कापायचे ही मेख आहे. सिलिंडर आणि रबर यांची जाडी धरून चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी आधी होती तितकीच यायला हवी. वजन मागे वाढते, त्यामुळे तोलही बदलतो. आधी लांबी, मग गालाच्या कडेची उंची, मग दस्त्याचा डावा-उजवा कल, हा क्रम मोडला की पुन्हा पहिल्यापासून. छर्ऱ्याच्या बंदुकीला मागची माशी नसते, नेमबाजाचा डोळा हीच मागची माशी. म्हणून गाल जिथे टेकतो तिथला केसभर फरकही लक्ष्यावर दिसतो. जुना ठोकताळा असा: १६ यार्डांवर कागद लावा, छर्रे एक इंच वर किंवा खाली गेले तर दस्त्यात एक-षोडशांश इंचाचा फरक करा. आपल्या सुतारांच्या भाषेत अर्धा सूत.

हे सारे महाग आहे. बंदूक परदेशी, काडतुसे रोज शेकड्यांनी, मैदान विस्तीर्ण. म्हणूनच आपली मराठी पोरे ट्रॅपमध्ये कमी आणि रायफल-पिस्तुलात पुढे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतले. प्रकार ५० मीटर रायफल, गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून. प्रत्येक पवित्र्याला दस्त्याचे माप निराळे. त्या छोट्या रायफलीला धक्का जेमतेमच, तिथे सारा खेळ स्थिरतेचा. पण माणसाने बंदुकीच्या मापाचे व्हायचे की बंदुकीने माणसाच्या, या जुन्या भांडणाचा निकाल तिथे माणसाच्या बाजूने लागलेला दिसतो.

हा खेळ आपल्या देशात ज्या छत्राखाली वाढला त्याचा पाया एका गुजरातवासी मराठी माणसाने घातला, हे इथल्या मराठी माणसांनाही फारसे माहीत नसते. दादासाहेब, म्हणजे गणेश वासुदेव मावळणकर. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचे, जन्म १८८८ मध्ये बडोद्याचा, वकिली अहमदाबादेत. गांधीजींच्या चळवळीत तुरुंग भोगला, आणि तिथे भेटलेल्या कैद्यांविषयी गुजरातीत लिहिले. लोकसभेचे पहिले सभापती हेच. आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे संस्थापक व पहिले अध्यक्षही हेच. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची मावळणकर नेमबाजी स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते.

सत्याग्रही माणूस आणि बंदुकांची संस्था? वरवर विसंगत वाटते. पण १८७८ चा शस्त्रांचा कायदा आठवावा. गोऱ्याला सूट, हिंदी माणसाला परवाना. काँग्रेसने सुरुवातीपासून त्याविरुद्ध ठराव केले. १९१८ मध्ये खुद्द गांधीजींनी खेड्यात वाटलेल्या पत्रकात, सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याचे सर्वांत काळे कृत्य ठरेल, अशा अर्थाचे लिहिले. त्याच वर्षीच्या खेडा सत्याग्रहात मावळणकर होते. बंदूक न चालवणे वेगळे आणि ती धरण्याची आपल्याला मनाईच असणे वेगळे, हा भेद त्या पिढीला नीट कळत होता. आणि एक माझी खोड म्हणून सांगतो, हेटकऱ्यांच्या कोकणातल्या घराण्याने देशाची नेमबाजी उभी करावी, याचे मला उगाचच बरे वाटते.

हे सगळे मी आप्पांना सांगितले. सुरत, पानिपत, टायबर, मावळणकर. ते शांतपणे ऐकत होते. स्प्रिंगच्या दस्त्याची किंमत विचारली, मी अंदाजाने सांगितली. त्यांनी कानाला हात लावला.

दोन दिवसांनी मी गेलो तर ओट्यावर जुना दस्ता, करवत आणि चामड्याचे तुकडे. मागाचा धोटा सुसाट येऊन पेटीत थडकतो, तेव्हा तो अडवायला जाड चामडे लावलेले असते. त्यातले झिजून टाकलेले तुकडे त्यांनी खात्यातून आणले होते. तीस वर्षे धोट्याचा धक्का ज्याने सोसलेला पाहिला, तेच त्यांना सुचले. परवानाधारक बंदूकवाल्याकडून त्यांनी लाकूड पाऊण इंच कमी करून आणले होते, मागे चामड्याचे तीन थर आणि वर रबर. गालाच्या कडेवर एक पातळ पट्टी.

"किती जाड?" मी विचारले.

"अर्धा सूत. तुम्हीच सांगितलं ना."

दोन्ही नळ्या मोडून रिकाम्या दाखवल्या, मग बंदूक खांद्याला लावली, डोळे मिटले, गाल टेकवला आणि डोळे उघडले. नळीवरची माशी समोर होती.

"आते बरं शे," आप्पा म्हणाले. "पण गुरुजी, खरं कळेल ते पुढच्या सरावाला. अजून सात महिने आहेत."